कडेचे इलेक्ट्रॉन

कांदा काढणीचे दिवस आले की माझी बोटं हिरवट होतात आणि डोक्यात इलेक्ट्रॉन फिरायला लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं माझ्या कॉलेजातल्या पोरांना वाटतं. वर्गात मी कांद्यावर आले की मागच्या बाकावरची दोघं-तिघं एकमेकांकडे बघतात. बघू देत. यंदाही चैत्र सरता सरता मी निरगुडसरला आले आहे, वावरात बसून पात कापते आहे, आणि शेजारच्या बाया माझ्या विळ्याकडे बघून हसताहेत. "प्रोफेसरीणबाई, कांद्याची मान जरा लांब सोडा, लई जवळून कापताय," असं सकाळपासून दोनदा ऐकून झालं. पीएचडी कुठल्या विषयात आहे हे कांद्याला कळत नाही, हे त्यांचं म्हणणं मला मान्यच आहे.

उपटलेल्या कांद्याचा वास सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. सकाळी ओल्या मातीचा आणि हिरव्या पातीचा. दुपारी ऊन चढलं की तोच वास गोडसर, थोडा जळका होतो. सालपटं वाऱ्यावर उडतात, ओल्या मानेला चिकटतात. मला हा दुपारचा वास जास्त आवडतो. तो नाकात गेला की मी आजच्या वावरात राहत नाही. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका काढणीत जाऊन बसते. त्या वर्षी मी घरी आले होते ती एक अहवाल लिहायला, आणि तो अहवाल एका माणसाची नोकरी घालवणार होता.

तेव्हा मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होते. काम सोन्याच्या स्फटिकावरचं. हे गावात कळलं तेव्हा आईला चार जणींनी विचारलं. आईनं मला विचारलं, "सोन्याचं काम करती म्हणं तू. किती तोळ्याचं हाय?"

"नखाएवढा तुकडा असतो गं."

"मंग त्याचं काय करता?"

"त्याच्या पृष्ठभागावर काय चाललंय ते बघतो."

"वरवरच बघता व्हय," आई म्हणाली. तिचा विरस झालेला दिसला. पण खरं सांगायचं तर आमच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर जमलेलं नाही. आम्ही वरवरच बघत होतो. वरवर बघण्यात इतकं काही असतं, हीच तर त्यातली गंमत होती.

इलेक्ट्रॉनला एक गुण असतो, त्याला स्पिन म्हणतात. मराठीत कुणी त्याला गिरकी म्हणतं आणि तिथंच घोळ होतो, कारण तो गरगर फिरत नसतोच. तरी वागतो मात्र फिरणाऱ्यासारखा. त्याच्यापाशी एक बारीकसं चुंबकपण असतं. तुम्ही कुठलीही दिशा धरून त्याला विचारा, उत्तरं दोनच येतात, इकडे किंवा तिकडे. अधलंमधलं काही नाही. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला रागच आला होता. जगात इतकी अधलीमधली माणसं असताना या एवढ्याशा वस्तूला इतकं ठाम राहायला कसं जमतं, असं वाटलं. अजूनही वाटतं.

आता हा इलेक्ट्रॉन सोन्यासारख्या जड अणूच्या जवळून सुसाट पळतो. अणूभोवती विजेचं क्षेत्र असतं, पण पळणाऱ्या इलेक्ट्रॉनला त्याच क्षेत्रात चुंबकपणही जाणवतं. पडलेल्या हवेत आपण उभे राहिलो तर वारा लागत नाही, मोटारसायकलवर बसलो की लागतो, तसंच हे. ते जाणवलेलं चुंबकपण इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या चुंबकाला वळवू बघतं. म्हणजे तो कुठे चाललाय आणि त्याचं चुंबक कुठे तोंड करून आहे, या दोन गोष्टींची गाठ पडते. स्फटिकाच्या पोटात ही गाठ दिसत नाही, कारण तिथं सगळीकडून सारखेच शेजारी असतात आणि सगळं फिट्टंफाट होतं. कडेला, म्हणजे पृष्ठभागावर, मात्र खाली अणूंची वस्ती आणि वर काहीच नाही. तिथं गाठ उघडी पडते. उजवीकडे पळणाऱ्याचं चुंबक एका बाजूला, तर तितक्याच वेगानं डावीकडे पळणाऱ्याचं बरोबर उलट्या बाजूला. एरवी मोजमापाच्या आलेखात जिथं एक रेघ दिसायची तिथं कडेला दोन रेघा दिसतात, आणि दोन्हींची चुंबकं एकमेकांच्या विरुद्ध असतात.

हे जगानं आधीच पाहिलेलं होतं. आमचं यंत्र नवं होतं, त्यामुळे जगानं पाहिलेलं आधी आमच्या यंत्रावर दिसायला हवं आणि मग पुढचं नवं काम, असा सरांचा शिस्तीचा बेत होता. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. निर्वात पेटीत तुकडा ठेवायचा, त्यावर प्रकाश टाकायचा, बाहेर उडणारे इलेक्ट्रॉन मोजायचे. आत डावीकडे पळणारे डावीकडे बाहेर येतात, उजवीकडचे उजवीकडे. मोजताना प्रत्येकाचं चुंबक कुठे आहे तेही बघायचं. पहिल्याच महिन्यात दोन रेघा दिसल्या. आम्ही पेढे आणले. मग चुंबक मोजलं, तर शून्य. पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य. असं वर्षभर.

दोन रेघा आहेत पण चुंबक नाही, याचा अर्थ सरांनी सरळ लावला. तुकडा एकसंध नसणार. त्यात स्फटिकाचे दोन वेगळे दाणे एकमेकांशी किंचित तिरके असणार, प्रत्येक दाणा आपापली रेघ देत असणार, आणि आपण उगाच त्याला विज्ञान समजतोय. तर्क चोख होता. आणि तुकडा कापून, घासून, आरशासारखा करून द्यायचं काम मुबीनभाऊंचं होतं.

मुबीनभाऊ जुन्नरचे. त्यांच्या वडिलांचं तिथं भांड्यांना कल्हई करायचं दुकान. भांड्याच्या वरच्या पातळ थरावर ज्या घरानं पिढ्यान्पिढ्या पोट भरलं, त्या घरातला हा माणूस सोन्याच्या स्फटिकाच्या वरच्या थराशी येऊन पोचला होता. खरं तर मला याचं केवढं कुतूहल वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ते कमी बोलायचे, मी घाईत असायचे. तुकडा कापसात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ताई, झालं." शेजारशेजारच्या तालुक्यातली माणसं म्हणून ताई, बाकीच्यांना मॅडम. मी मान हलवायचे. त्या वर्षभरात एक तुकडा त्यांनी चार वेळा पहिल्यापासून घासला. चारही वेळा शून्य आलं. एका बैठकीत ते दाराशी उभे असताना मी सरांना म्हणाले, "पॉलिश नीट नसावं, सर." नसावं, असं म्हणाले. असं म्हटलं की आपण कुणावर आरोप केला असं वाटत नाही, आणि आरोप तर होऊन जातो.

मग वैशाखाच्या तोंडावर सरांनी मला बोलावलं. जूनअखेर मुबीनचं कंत्राट संपतंय, म्हणाले. ते पुढे चालू ठेवायचं की दुसरा माणूस बघायचा हे तुझ्या अहवालावर ठरेल. नमुन्यात दोष आहे असं तुझं मत आहे ना, मग तसं सविस्तर लिही. आठ दिवस घे. मी लॅपटॉप उचलला आणि काढणी चालू होती म्हणून घरी आले. पहिलं वाक्य एसटीतच लिहून झालं होतं.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमचं आणि चुलत्यांचं वावर सामाईक होतं. कांदा निघाला की सगळ्या वाफ्यांचा एका जागी ओतायचा, खालीवर करून नीट मिसळायचा, मग त्याचे दोन सारखे ढीग करायचे. एकाला पाटाकडचा मिळाला, दुसऱ्याला रस्त्याकडचा मिळाला, अशी कुरबूर नको म्हणून. ढीग मिसळायचं काम लहानपणी माझं असायचं. सगळे म्हणायचे, पोरीच्या हाताला न्याय आहे. आधी मिसळायचं, मग वाटायचं, हाच सचोटीचा मार्ग, हे माझ्या हाडात बसलेलं होतं. भौतिकशास्त्र त्याच्यावर नंतर येऊन बसलं.

त्या वर्षी मात्र वाटणी झालेली होती. वावराचा आमचा तुकडा आमचा, चुलत्यांचा त्यांचा. मी सवयीनं पाटी उचलली आणि पाटाच्या बांधाकडचा कांदा मधल्या ढिगावर ओतायला गेले.

"मने, त्यात टाकू नको," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "त्यो पाटाकडचा हाय."

"असू दे ना. सगळा आपलाच आहे."

"आपलाच हाय म्हणून तं सांगते. चुलत्याबरूबर व्हतं तवा मिसळावं लागायचं, भांडान नको म्हणून. आता कशाला?" तिनं एक कांदा उचलून माझ्यापुढे धरला. मोठा, लठ्ठ मानेचा, हाताला थंड. "पानी पिऊन फुगलाय. ह्यो पयला सडनार." मग दुसरीकडचा उचलला. "आन ह्यो रस्त्याकडचा. बारका, पर दगडावानी. दिवाळीपोत्तर टिकंल."

"मग मिसळला तर सरासरी बरी येईल की," मी म्हणाले. वाद घालायची खोड मला आहेच.

"बरीच यील. मिसळल्यावर सगळाच बरा दिसतो," आई म्हणाली. "आन मंग बराखीत साठवल्यावर वास सुटला की हुडकत बसा कुठनं येतोय. दोन्हीबी कडंचंच हायेत, पर एकाचं दुसऱ्याला लावायचं न्हाई. एकाचं त्वांड पान्याकडं, एकाचं धुळीकडं."

मी पाटी खाली ठेवली. आईला वाटलं ऐकलं पोरीनं. मी ऐकलं होतंच, पण भलतंच काहीतरी. मोजलेल्या आकड्यांवर चालणारी एक आज्ञावली मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी स्वतः लिहिली होती आणि तिचा मला अभिमान होता. तेव्हा आम्ही चुंबक मोजत नव्हतो, फक्त रेघा बघत होतो. रेघा डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच असतात, म्हणून डावी बाजू उलटून उजवीत मिळवायची आणि दोनाने भागायचं, म्हणजे आकडे स्वच्छ होतात. ते तेव्हा बरोबरच होतं. पुढे चुंबक मोजायला लागलो तेव्हा इलेक्ट्रॉन इतके थोडे मिळायचे की मी तीच आज्ञावली पुढे चालवली. दोन्ही बाजू मिसळल्या. उजवीकडच्यांचं चुंबक एका बाजूला, डावीकडच्यांचं दुसऱ्या. मिसळून दोनाने भागल्यावर काय उरणार होतं? शून्यच.

घरी बराखीच्या सावलीत पोत्यावर बसून मी लॅपटॉप उघडला. हाताला माती, कळांवर मातीचे ठसे. आज्ञावलीतली मिसळायची ती एक ओळ सापडायला अर्धं मिनिट लागलं, कारण ती कुठे आहे हे मला पाठ होतं. ओळ बंद केली. आधी एकट्या उजव्या बाजूच्या चुंबकाचा आलेख काढला. रेघ उसळून वर गेली. मग डाव्या बाजूचा काढला. ती तितकीच खाली गेली. एकीच्या खाली दुसरी ठेवली तर पाण्यात पडछाया दिसावी तशा. वर्षभर ते इलेक्ट्रॉन अगदी ठामपणे आपापलं सांगत होते, आणि मी रोज दोघांना एकमेकांत कालवून गप्प करत होते.

मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. खोटं कशाला सांगू, पहिला आनंदच झाला. ही दोन नागमोडी वळणं बघून ज्याला आनंद होणार नाही त्यानं या धंद्यात येऊ नये. जड अणू, त्यांच्या कडेनं पळणारा एवढासा जीव नसलेला कण, आणि त्याला डावं-उजवं कळतं. मी आईला ओढत आणलं आणि पडदा दाखवला.

"हे काय?"

"हे उजवीकडे चाललेले. हे डावीकडे."

आईनं बराच वेळ बघितलं. "आन हे आज झालं व्हय?"

"नाही. पहिल्यापासून होतंच."

"मंग दिसत का नव्हतं?"

"मी मिसळत होते."

आई वळली. चहा करायला गेली. ती चहा घेऊन येईपर्यंत माझा आनंद टिकला. कप हातात घेतला आणि मला मुबीनभाऊ दिसले, दाराशी उभे, मी "पॉलिश नीट नसावं" म्हणत असताना माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघणारे. चार वेळा घासलेला तुकडा. कापसात गुंडाळलेला. कप मी तसाच खाली ठेवला.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं, ओळीसकट. पलीकडून कागद उलटल्याचे आवाज येत राहिले. माझ्या डोक्यात तेवढ्या वेळात माझी पीएचडी दोनदा रद्द होऊन गेली. मग ते म्हणाले, "लेखी दे. नमुना निर्दोष आहे, हेही लिही. आणि पुढच्या बैठकीत तूच सांग." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी एसटीत लिहिलेलं पहिलं वाक्य पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'चूक माझ्या आज्ञावलीत होती.' एवढं लहान वाक्य लिहायला मला एसटीतल्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

मुबीनभाऊंचं कंत्राट वाढलं, हे इथंच सांगून टाकते. आजही ते तिथं आहेत आणि नव्या पोरांना तुकडा हातात कसा धरायचा ते शिकवतात. पण त्या वेळी अहवाल पाठवून मला स्वस्थ बसवेना. कागदावर कबूल केलं ते सरांपाशी. ज्याच्यावर ढकललं होतं त्याच्यापाशी नाही. मुबीनभाऊ सुट्टी घेऊन जुन्नरला गेलेत एवढं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंचरला गेले आणि तिथून जुन्नरची गाडी धरली. नारायणगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला तसाच कांदा, तसेच ढीग. मी खिडकीतून बघत मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. बाहेरच नवसागराचा तो घसा धरणारा धूर. मुबीनभाऊ वडिलांसोबत एक भलंमोठं पितळी पातेलं फिरवत होते, चिंधीनं कथील पसरवत होते. प्रयोगशाळेत मी त्यांचे हात कधी नीट पाहिलेच नव्हते. ते इतके भरभर चालतात हेही मला माहीत नव्हतं. मला बघून ते गडबडले. "ताई, तुमी इकडं कसं काय?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. मिसळणं, शून्य, ती ओळ, सगळं. त्यांना कळेल अशा भाषेत सांगायला गेले, तर लक्षात आलं त्यांना ते आधीच कळत होतं. "तुकड्यात काहीच दोष नव्हता, भाऊ. एकसंध होता. मी उगाच तुमच्यावर ढकललं. चुकलं माझं."

त्यांनी पातेलं उतरवून बाजूला ठेवलं. "मला ठाऊक व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"एकच दाणा हाय ते. चारीबी वेळंला."

माझा आवाज चढला. मला माझ्यावरच चिडायचं होतं, पण समोर तेच होते. "मग बोलला का नाहीत? वर्षभर? माझ्यासमोर, सरांसमोर, एकदा तरी सांगायचं होतं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चिंधीची घडी घालत म्हणाले, "मला कुणी विचारलं का, ताई? सर तुमाला विचारायचे. तुमी मशीनला विचारायच्या. मला सांगायचे, पुन्हा घास. मी घासायचो."

जगातल्या सगळ्यात लहान वस्तूला ती कुठे तोंड करून आहे हे मी रोज शेकडो वेळा विचारत होते. आणि दहा पावलांवर बसणाऱ्या माणसाला एकदाही काही विचारलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. त्यांच्या वडिलांनी एक पोतं माझ्याकडे सरकवलं. मी त्यावर बसले.

"मग आता विचारते," मी म्हणाले. "एकच दाणा आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?"

मुबीनभाऊंनी हात पुसले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि सांगायला लागले.